जोडकडं

उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीला माझी भट्टी.
तिथं मी जोडकडी ओततो.
वर काळ्या पोकळीत दोन जहाजं एकमेकांना चिकटतात,
त्यांच्या मधलं ते कडं.

मी बाई आहे.
पण आमच्याकडं बायाही 'आलो', 'गेलो', 'जेवलो'च म्हणतात.
ताफ्याच्या नोंदयंत्रानं ऐकलं आणि मला 'श्री.' करून टाकलं.
मी दुरुस्त केलं नाही.
लढाईच्या दिवसांत एखादं जास्तीचं नाव
असलेलं बरं.

सात वर्षं चंद्राच्या ताफ्याला माल दिला.
तेव्हा पट्टेकरी दुश्मन.
पट्टा म्हणजे मंगळापलीकडचे ते फिरते दगड.
माझा धाकटा भाऊ अधिक तिकडं खाणीत गेला,
आणि एक दिवस पहार टाकून
त्यांच्या बाजूनं उभा राहिला.
पत्र नाही, फोटो नाही.
दर दिवाळीला मी एका कोअरच्या पोकळीत
पावशेर कांदा-लसूण चटणीचा डबा दडवून पाठवायचो.
चंद्रावरचे हमाल तो पुढं सरकवायचे.
हमालांना तट परवडत नाही.

मग चैत्रात बातमी आली: युती.
चंद्र आणि पट्टा एक, मंगळाच्या विरोधात.
गल्लीत कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.
काल ज्याच्या गाडीवर दगड टाकला
आज त्याच्याच पॅनेलचा बिल्ला छातीवर,
हे आम्ही ऊस आणि दूध दोन्हीत पाहिलंय.
वडील सांगायचे, एकदा दोन पेठांची पोरं
शहराच्या एकाच संघातून खेळली.
पहिला अर्धा तास
कुणी कुणाला पास दिला नाही.
गोल झाला तो समोरच्याच्या चुकीनं.

ऑर्डर आली, नकाशे दोन.
एका तोंडाला चंद्राचं माप, दुसऱ्याला पट्ट्याचं,
मधे केसाएवढी फट.
तपासायला दोघं आले:
चंद्राचा लेफ्टनंट गुळवणी, कपड्यांना कडक इस्त्री,
आणि पट्ट्याची एक बाई, डाव्या हाताला दोनच बोटं.
चहा मागवला.
दोघंही समोरच्याच्या कपाकडं बघत बसली.
शेवटी मी आधी प्यालो.

गुळवणी भट्टीपाशी गेला तेव्हा
तिनं पिशवीतून डबा काढून माझ्यापुढं ठेवला.
माझाच. झाकणाला तोच पोचा.
'त्यानं दिलाय?' मी विचारलं.
ती म्हणाली, 'परत करायचा होता.'
आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत,
निदान साखर तरी घालतात.
आत चिमूटभर करडं काहीतरी होतं.
दगडाची भुकटी असेल.
मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

त्या रात्री मी एकटाच साचा भरला.
सात वर्षांत माझ्या किती कड्यांतून
किती बंदूकवाले पलीकडं गेले असतील
याचा हिशोब कुठल्याच चलनावर नसतो.
वाळूत ओल जास्त राहिली
की लोखंडाच्या पोटात बुडबुडा राहतो.
तपासणीच्या यंत्राचा एक कोपरा आंधळा आहे,
कुठला ते मला माहीत आहे.
पाण्याचं डबडं उचललं. किती घालायचं
ते हाताला पाठ होतं.
डब्यातली चिमूट वाळूत मिसळली
आणि रस ओतला.
पाणी घातलं की नाही,
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कडं पास झालं. शिक्का बसला. ट्रकनं गेलं.

काल उशिरा मंगळाचा माणूस आला.
साधा सदरा, अगदी आपल्यासारखं मराठी.
दर विचारत होता.
माझं माहेर मंगळवार पेठ
हे ऐकून मनापासून हसला.
मी खुर्ची दिली, पोराला हाक मारली.
चहा आला.
या वेळी
मी आधी प्यालो नाही.